गोळी कोणती आणि किती, ते आधी सांगा

ऐरोलीच्या एका आईने विचारलं आहे. मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा. दोन शब्द जोडून अजून बोलत नाही, नर्सरीत शेजारच्या मुलाला चावतो, गोल करून बसवलं की दाराकडे पळतो. आईला वयाच्या सोळाव्या वर्षापासून फिट येतात आणि गरोदरपणाचे नऊही महिने ‘फिटची गोळी’ चालू होती. सासूबाईंचं म्हणणं, गोळ्यांनीच पोराचं डोकं बिघडवलं. आता घरात दुसऱ्या बाळाचा विषय निघालाय, म्हणून गेल्या रविवारपासून तिने गोळी बंद केली आहे. प्रश्न दोन. मुलगा गोळीमुळे असा झाला का? आणि या वेळी गोळी घेतलीच नाही तर?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आजचं आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हे वाचून झालं की तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे फोन लावा आणि एवढंच विचारा: “अमुक गोळी इतके दिवस बंद आहे, परत कशी सुरू करू?” विचारायला सांगते आहे त्याला कारण आहे. लॅमोट्रिजीनसारखी गोळी काही दिवस तुटली तर पूर्ण डोसने एकदम सुरू करता येत नाही, अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. ती पुन्हा थोड्यापासून चढवत न्यावी लागते. सगळ्या गोळ्यांचं तसं नसतं. तोवर गॅसपाशी एकट्या उभ्या राहू नका, बाथरूमला आतून कडी लावू नका, मुलाला कडेवर घेऊन स्टेशनचा जिना उतरू नका. मोठी फिट गरोदरपणात आली तर पडण्याचा मार बाळालाही लागतो, त्याचा ऑक्सिजनही कमी होतो. आणि झोपेतल्या फिटने क्वचित अचानक जीवही जाऊ शकतो, हे भीती घालायला नाही, खरं आहे म्हणून सांगते.

आता मुलाकडे. तुमच्या प्रश्नात एकच गोष्ट राहिली आहे आणि माझं निम्मं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे: गोळीचं नाव काय आणि दिवसाला किती मिलीग्रॅम?

मी बालविकासाची डॉक्टर. फिटची औषधं मी लिहून देत नाही, ती न्यूरॉलॉजिस्ट देतात. माझ्याकडे येतात ती नंतरची मुलं. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात २२ वर्षांत हा प्रसंग इतक्यांदा झालाय की मला तो पाठ आहे. आई साडीच्या दुकानाच्या पिशवीतून फाइल काढते, फाइलमध्ये सगळ्या सोनोग्राफी क्रमाने लावलेल्या असतात, आणि गोळीची पट्टी मात्र मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली, नाव नेमकं कापलेल्या बाजूला. “गुलाबी होती, मोठी होती” यावर मी काही सांगू शकत नाही. कारण ‘फिटची गोळी’ नावाचं एक औषध नसतंच. डझनावारी औषधं आहेत आणि गर्भातल्या बाळासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

व्हॅल्प्रोएट, म्हणजे दुकानात एन्कोरेट, व्हॅल्पारिन अशा नावांनी मिळतं ते, या सगळ्यांत वेगळं काढून ठेवा. गर्भाच्या वाढत्या पेशींत कुठलं जनुक कधी उघडायचं नि कधी मिटायचं याची एक यंत्रणा असते, तिच्यात हे औषध हात घालतं. पाठीचा कणा, हृदय, टाळू यांचे जन्मदोष शंभरात साधारण दहा बाळांत दिसतात. एरवी हे प्रमाण दोन ते तीन. डोस जितका मोठा तितका धोका मोठा. आणि जन्मदोष एकही नाही, बाळ दिसायला छान, तरी मेंदूच्या वाढीवर झालेला परिणाम मागे राहू शकतो. तो कळतो दोन-तीन वर्षांनी, बोलण्यात आणि वागण्यात. म्हणून “पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल होती हो,” हे ऐकलं की मी मान हलवते, पण त्यातून मला काही कळत नाही.

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २५ केंद्रांनी १९९९पासून फिट असलेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवली आणि मुलं सहा वर्षांची होईपर्यंत तपासली. निकाल २०१३ साली आला. सरासरी बुद्ध्यांक लॅमोट्रिजीन घेतलेल्या आयांच्या मुलांत १०८, फेनिटॉइनच्या १०८, कार्बामॅझेपीनच्या १०५ आणि व्हॅल्प्रोएटच्या ९७. एकट्या मुलाच्या बाबतीत ९७ हा काही काळजीचा आकडा नव्हे, पण सगळ्या गटाची सरासरी आठ ते अकरा गुणांनी खाली येणं हे मोठं आहे, आणि घसरण भाषेच्या बाजूला जास्त होती. त्याच मुलांच्या आईवडिलांना वागण्याबद्दल विचारलं तेव्हा व्हॅल्प्रोएटच्या गटात चंचलपणाची लक्षणं जास्त, आणि आपलं आपण जेवणं, कपडे घालणं, चार मुलांत मिसळणं यांत मुलं मागे. लिव्हरपूल-मँचेस्टरच्या गटाने सहा वर्षांच्या मुलांत निदान झालेले विकासाचे आजार मोजले: फक्त व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या ५० मुलांपैकी ६ जणांना, आणि फिट नसलेल्या आयांच्या २१४ मुलांपैकी ४ जणांना.

ऑटिझमचे आकडे ऐकून आया रडतात, म्हणून ते मी नेहमी पूर्ण सांगते. डेन्मार्कने सगळ्या देशाच्या नोंदी तपासल्या. व्हॅल्प्रोएट घेतलेल्यांच्या मुलांत ४.४ टक्के, एकूण मुलांत दीड टक्का. जवळजवळ तिप्पट. पण शंभरातली पंचाण्णव मुलं त्यात नव्हती, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. २०२४ साली अमेरिकेतून मोठा अभ्यास आला, त्यात आठ वर्षांच्या वयापर्यंत व्हॅल्प्रोएट १०.५ टक्के, टोपिरामेट ६.२, लॅमोट्रिजीन ४.१, आणि आईला फिट आहेत पण गरोदरपणात औषध नव्हतं अशांत ४.२, एकूण मुलांत दोनच्याही आत. डेन्मार्क आणि अमेरिकेचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका, निदान किती लवकर नि किती सैल हाताने होतं ते देशागणिक बदलतं. मला यातला सर्वांत बोलका आकडा वाटतो तो ४.२. औषध नव्हतं तरी प्रमाण दुप्पट. म्हणजे ज्या घराण्यात फिट आहे तिथे मेंदूच्या वाढीचे काही धागे मुळातच वेगळे असू शकतात, सगळं पाप गोळीच्या माथी मारता येत नाही. आणि लॅमोट्रिजीनचा आकडा औषध न घेतलेल्यांएवढाच आला, हेही पाहा. टोपिरामेटचा आकडाही बाकीचे फरक हिशेबात घेतल्यावर बराच खाली आला. पण त्या औषधाने बाळाचं वजन कमी राहणं आणि ओठ-टाळू दुभंगणं हे वेगळे धोके आहेतच. ते अर्धशिशीसाठीही देतात, व्हॅल्प्रोएट मूडच्या आजारासाठीही देतात. म्हणजे “मला कुठे फिट येते?” म्हणणाऱ्या बाईच्या पर्समध्येही ही गोळी असू शकते.

आपल्याकडचं कुणी पाहिलंय का, असं विचाराल. पाहिलंय. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८पासून फिट असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही आहे. तिथेही व्हॅल्प्रोएट आणि एकापेक्षा जास्त औषधं असलेल्या आयांच्या बाळांचा विकास मागे दिसला.

लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरासिटम यांवर आता बऱ्यापैकी भरवसा बसला आहे. जन्मदोष शंभरात तीनच्या आसपास, म्हणजे इतरांसारखेच. या दोन गोळ्यांवर बहुतेक आया असलेल्या अमेरिकेतल्या नंतरच्या अभ्यासात दोन आणि तीन वर्षांच्या मुलांची भाषा बाकीच्या मुलांइतकीच होती. कार्बामॅझेपीन मधल्या पायरीवर. जुनं गार्डिनल, म्हणजे फेनोबार्बिटोन, स्वस्त आणि सगळीकडे मिळतं, पण गरोदरपणासाठी चांगलं नाही. जन्मल्यावर बाळ आधी सुस्त आणि मग औषध उतरताना किरकिरं होतं.

आता समजा तुमची गोळी व्हॅल्प्रोएटच निघाली. तरी तुमचा मुलगा चावतो तो गोळीमुळे, असं मी त्याला बघितल्याशिवाय म्हणणार नाही. बघते म्हणजे काय करते, ते सांगते.

माझ्या टेबलावर एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा असतो. आत दोन बिस्किटं, झाकण मोठ्या माणसालाही जोर लावावा लागेल इतकं घट्ट. तो मुलाच्या हातात देते आणि आईला सांगते, काही बोलू नका. एक मूल डबा उलटसुलट करतं, मग आईकडे घेऊन जातं, तिच्या डोळ्यांत बघतं, झाकणावर बोट ठेवून “उं, उं” करतं. याला शब्द नाहीत, पण संवाद आहे. दुसरं मूल आईचं मनगट धरून तिचा हात झाकणावर ठेवतं, पक्कड उचलून ठेवावी तसा, आणि तिच्या चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही. तिसरं डबा आपटतं, फेकतं, पंख्याचं बटण दाबून येतं, परत डब्याकडे, परत बटणाकडे. मिनिटभरात मला कळतं की या तिघांना तीन वेगळ्या वाटांनी न्यायचंय. पहिल्याला वाचोपचार (स्पीच थेरपी), दुसऱ्याची ऑटिझमसाठी रीतसर तपासणी, तिसऱ्याची घराची घडी, झोप आणि लक्ष. तिघांच्याही आया कदाचित एकच गोळी घेत होत्या.

मग चेहरा बघते. व्हॅल्प्रोएटचा परिणाम झालेल्या काही मुलांत वरचा ओठ पातळ असतो, नाक आणि ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट असते, सांधे सैल असतात. हे असलं म्हणजे संशय वाढतो, नसलं म्हणून सुटका नाही. आणि कान. ही मुलं कानाच्या पडद्यामागे पाणी साठण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त घेऊन येतात. ऐकूच अर्धवट येत असेल तर बोलणार कुठून? वर्गात बाई काय म्हणतात ते कळत नाही, मग दाराकडे पळणं आलंच. दुसरं काही करायच्या आधी कानाची तपासणी, हे मी फळ्यावर लिहून ठेवलंय.

आता एक गोष्ट जी अभ्यासांच्या तक्त्यांत सहसा सापडत नाही. कळव्याचा एक मुलगा, वय साडेतीन. शाळेचा शेरा: अतिचंचल, आईला सोडत नाही, मुलांना ढकलतो. आई लॅमोट्रिजीनवर, म्हणजे गोळीवर ठपका ठेवायला फारसा वाव नव्हता. मी त्याला भातुकलीतली बाहुली दिली आणि आईशी बोलत राहिले. त्याने बाहुली ओट्यापाशी उभी केली, मग पाडली, आणि तिचे हात धरून हलवत राहिला. थांबेना. मग स्वतःची चप्पल काढून बाहुलीच्या नाकाला लावली. त्याच्या आईला महिन्याभरापूर्वी स्वयंपाकघरात फिट आली होती, घरात दोघंच होते, आणि शेजारचे धावत येऊन काय करतात ते त्याने पाहिलं होतं. (चप्पल, कांदा हुंगवून फिट थांबत नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स.) तो मुलगा चंचल नव्हता, पहारा देत होता. आम्ही त्याला सोप्या शब्दांत सांगितलं: आईच्या डोक्यात कधीकधी लाइट जाते आणि परत येते, तू शेजारच्या काकूंचं दार वाजवायचंस, बाकी काही नाही. दोन महिन्यांत शाळेची तक्रार निम्म्यावर आली.

तुमच्या मुलाने तुमची फिट पाहिली आहे का, ते मला कळवा. आणि तुमची स्वतःची चिडचिड किती होते तेही. लेव्हेटिरासिटम ही बाळासाठी चांगली गोळी, पण घेणाऱ्याला ती कधीकधी इतकी चिडकी करते की बायका म्हणतात, “मी अशी नव्हते हो.” त्यात झोप नाही, डोक्यावर सासूबाईंचं वाक्य. अशा घरात कुठलंही तीन वर्षांचं मूल थोडं वेडंवाकडं वागेल. हा दोष देणं नाही. डोस किंवा गोळी बदलून, गरज असेल तर नैराश्यावर उपचार करून हे सुधारतं, म्हणून विचारते.

मुलाचं काय करायचं, ते थोडक्यात. निदानाचं लेबल लागायची वाट न बघता काम सुरू करायचं. तीन वर्षांला दोन शब्द जुळत नाहीत एवढं कारण वाचोपचारासाठी पुरे आहे. “मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप पाचव्या वर्षी बोलला,” हे मी ठाण्यातल्या प्रत्येक आजीकडून ऐकलंय. बापाच्या आईने गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं नव्हतं. मोबाइल जेवतानासुद्धा नाही. चावण्यासाठी मारू नका. ज्याला “दे” म्हणता येत नाही ते मूल चावतं, म्हणून आधी “दे” शिकवायचं, हाताच्या खुणेने का होईना. खासगी थेरपीचा खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीतल्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी फुकट होते, पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तुम्हाला खारघरही लांब नाही, तिथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे.

दुसऱ्या बाळाबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तिथे अजून सगळं हातात आहे.

तुम्हाला सोळाव्या वर्षी सुरुवात झाली. सकाळी उठल्या उठल्या हातातला चहाचा कप उडायचा का? कंगवा पडायचा का? जागरण झालं की हमखास फिट? तसं असेल तर तो किशोरवयातला एक ठरावीक प्रकार आहे, आणि त्याच्यावर सर्वांत चांगलं चालणारं औषध दुर्दैवाने व्हॅल्प्रोएटच. म्हणून सोळा वर्षांच्या मुलीला ते लिहून दिलं जातं, फिट थांबतात, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मग दहा वर्षं तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी येत राहते. मधे मुलीचं लग्न ठरतं. सांगायचं नाही असं माहेरी ठरतं. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या होतात, पहाटे नवी सून फिट येऊन पडते, आणि सासरी कळतं ते असं. मग वर्षाच्या आत पाळणा हलायची घाई. या सगळ्यात गोळी बदलायला सवड कुणाला? युरोपच्या औषध नियामकांनी २०१८पासून नियम घट्ट केले आहेत: मूल होण्याच्या वयातल्या बाईला दुसरा पर्याय चालत असेल तर व्हॅल्प्रोएट द्यायचं नाही, आणि द्यावंच लागलं तर गर्भनिरोधनाची पक्की सोय करून. आपल्याकडे हे काम घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळूनच करायचं आहे, आणि ते साखरपुड्याच्या आधी करायचं आहे. लपवायचंही कारण उरलेलं नाही. १९९९च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून फिटचा उल्लेख काढून टाकलेला आहे.

गोळी बदलायला महिने लागतात. नवी हळूहळू चढवायची, जुनी हळूहळू उतरवायची, मग काही महिने फिटविना जातात का ते बघायचं. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. तांबी त्यासाठी सोयीची, कारण कार्बामॅझेपीन, फेनिटॉइन, गार्डिनल यांच्यासोबत संततिनियमनाच्या गोळ्या कमी पडतात. काही जणींना व्हॅल्प्रोएटशिवाय भागतच नाही. त्यांना कमीत कमी डोसवर, दिवसभरात विभागून ठेवता येतं. पाळी चुकल्यावर घाईने बदलण्यात अर्थ कमी, कारण पाठीचा कणा मिटायचा असतो तो पहिल्या चार आठवड्यांत, बहुतेकींना कळायच्याही आधी. फॉलिक ॲसिडही म्हणूनच आधीपासून. नॉर्वेच्या नोंदींत फॉलिक ॲसिड घेतलेल्या आयांच्या मुलांत भाषेचे आणि ऑटिझमसारख्या लक्षणांचे प्रश्न कमी दिसले. डोस डॉक्टर ठरवतील.

दिवस राहिल्यावर लॅमोट्रिजीनची रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते, लेव्हेटिरासिटमचीही उतरते. त्यामुळे “गरोदर आहे म्हणून गोळी वाढवली?” असा धक्का बसू देऊ नका, ती तीच पातळी राखायला वाढवलेली असते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत परत खाली आणायची, नाहीतर चक्कर आणि दोन-दोन दिसणं सुरू होतं. इथे आपल्या रीतीचा एक खड्डा आहे: बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि फाइल सासरी राहते. गोळ्यांची चिठ्ठी फोनमध्ये फोटो काढून ठेवा, नवऱ्याच्या आणि आईच्याही. हरतालिकेचा, वटपौर्णिमेचा उपास असला तरी गोळी पाण्यासोबत घ्यायचीच. अंगावर पाजा, मोठ्या अभ्यासात या औषधांवर असताना पाजलेली मुलं मागे पडली नाहीत, उलट थोडी पुढेच निघाली. पाजताना जमिनीवर, गादीवर, भिंतीला टेकून बसा.

आणि झोप. बाळंतिणीला रात्री सलग चार-पाच तास मिळाले नाहीत तर कुठलीही गोळी पुरी पडत नाही. रात्रीचं एक दूध काढून ठेवून दुसऱ्या कुणी पाजायचं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

म्हणून येताना गोळीची न कापलेली पट्टी, गरोदरपणातली चिठ्ठी, मुलाचा नर्सरीतला एक व्हिडिओ, आणि सासूबाई, एवढं घेऊन या. ऐरोली ते ठाणे, मधे एकच स्टेशन, दिघागाव. रात्रीच्या त्या एका दुधाचं मला त्यांच्याशीच बोलायचंय.